टोकदार कानांचा माणूस

आम्ही तिघे भावंडे 'स्टार ट्रेक' या मालिकेचे चाहते आहोत, असे सांगितले की ऐकणारा आधी हसतो. आलापल्लीचे मुसलमान. अब्बा लाकडाच्या ठेकेदाराकडे मुन्शी. घरात दखनी, शाळेत मराठी, बाजारात तेलुगू आणि जंगलातून येणाऱ्या माणसांशी मोडकीतोडकी माडिया. अशा घराचा अमेरिकेच्या आकाशयानाशी काय संबंध?

संबंध आला तो चंद्रपूरच्या मामूंमुळे. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, त्यानंतरच्या तीन-चार वर्षांतली ही गोष्ट. भाईजान आठवीपासून चंद्रपूरला मामूंकडे शिकायला होते. मामूंकडे टीव्ही होता आणि दूरदर्शनवर रविवारी ही मालिका लागत असे. मालिका इंग्रजीत आणि भाईजानचे इंग्रजी मराठी शाळेतले. जे समजले ते समजले, उरलेले चेहऱ्यांवरून ताडायचे. दिवाळीच्या किंवा ईदच्या सुटीत ते एसटीने आलापल्लीला आले की, संध्याकाळी आम्हा धाकट्या दोघांना पाहिलेले सगळे भाग सांगत. म्हणजे खरे तर ही मालिका आम्ही पाहिली नाही, ऐकली. मे महिन्यात मामूंकडे गेलो की दोन-चार भाग पाहायला मिळत, तेवढेच.

ऐकल्यावर खेळ सुरू होई. लाकूड डेपोत सागाच्या ओंडक्यांच्या थप्प्या असत. चौकीदाराची नजर चुकवून आम्ही एका थप्पीवर चढत असू. तीच आमची 'एंटरप्राइझ'. कॅप्टन कर्क अर्थातच भाईजान. धाकटी बहीण कानाला नारळाची करवंटी लावून उहुरा होई आणि दूरच्या ग्रहांवरचे निरोप घेई. उरलेल्या एकाला स्पॉक व्हावे लागे. ते मात्र कोणालाच नको असे. कारण भाईजाननी सांगून ठेवले होते की, टोकदार कानांचा तो माणूस आतून शत्रूला सामील आहे. फितूर आहे.

हे त्यांनी का सांगितले, ते आम्हाला पस्तीस वर्षांनी कळले.

२०२० च्या टाळेबंदीत भाईजान निवृत्त होऊन आलापल्लीलाच होते. आम्ही दोघेही अडकून तिथेच राहिलो. पुतण्याने पेन ड्राइव्हवर मूळ मालिकेची तिन्ही पर्वे आणून दिली. एकूण ७९ भाग, खाली इंग्रजी अक्षरे. रमजान होता. तरावीह घरातच व्हायची. त्यानंतर आम्ही तिघे बसायचो आणि रात्री दोन-दोन भाग पाहायचो. आयुष्यात पहिल्यांदा ही मालिका आम्ही ओळीने आणि अर्थासह पाहिली. त्यातून जी मते झाली, ती पर्वागणिक सांगतो.

पहिले पर्व १९६६-६७ चे, २९ भागांचे. जीन रॉडेनबेरी यांनी कल्पिलेली ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत सुरू झाली. पुठ्ठ्याचे वाटावेत असे खडक आणि रंगीत दिव्यांची यंत्रे पाहून आज हसू येते. पण गोष्टी पक्क्या आहेत. 'द डेव्हिल इन द डार्क' हा भाग घ्या. एका ग्रहावर खाणीत काम करणारे लोक एकामागून एक मरत असतात. दगडातून वाट काढणारा एक राक्षस त्यांना मारतो आहे. त्याला ठार करायचे ठरते. स्पॉक त्याच्या अंगावर हात ठेवून त्याचे मन वाचतो, तेव्हा कळते की ती आई आहे. खाणवाले ज्यांना निरुपयोगी गोळे समजून हजारोंनी फोडत होते, ती तिची अंडी होती. आमच्या भागात हा भाग वेगळाच दिसतो. गेली काही वर्षे सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघते आहे, त्याचे ट्रक आलापल्लीच्या रस्त्याने गेलेले आम्ही पाहिले आहेत. डोंगराला देव मानणारे लोक खाणीला विरोध करतात, तेव्हा त्यांनाच आडमुठे ठरवले जाते. कोणाचे घर फोडले जात आहे हे आधी विचारावे, एवढेच तो भाग सांगतो. मालिकेत शेवटी खाणवाले आणि ती आई यांचा समेट होतो. आमच्याकडे तसे काही झालेले नाही.

याच पर्वात 'स्पेस सीड' आहे. त्यात खान नावाचा माणूस येतो, हे भाईजाननी सांगितले तेव्हा आम्ही थप्पीवर नाचलो होतो. आकाशात आपला एक माणूस! आता पाहिले तर पूर्ण नाव खान नूनियन सिंग. यानावरची इतिहासतज्ज्ञ त्याला पाहून, हा उत्तर हिंदुस्थानातला शीख असावा, असा अंदाज करते. भूमिका करणारे रिकार्डो मोंताल्बान मेक्सिकोत जन्मलेले. लिहिणाऱ्याला खान आणि सिंग यांतला फरक ठाऊक नसावा, किंवा त्याची गरज वाटली नसावी. आणि एवढे करून तो निघाला जगावर राज्य करू पाहणारा खलनायक. आमचे मत असे की, भाग रंगतदार आहे, पण आपल्याकडच्या नावाची उसनवारी करताना थोडी चौकशी करायला हवी होती.

मग 'बॅलन्स ऑफ टेरर' आला. भाईजान सरळ होऊन बसले. हाच तो भाग, ज्यावरून आम्ही स्पॉकला फितूर ठरवले होते.

गोष्ट अशी. रोम्युलन नावाच्या शत्रूशी शंभर वर्षांपूर्वी युद्ध झालेले आहे, पण त्यांचा चेहरा कोणीच पाहिलेला नाही. ते पुन्हा हल्ला करतात. अचानक यानाच्या पडद्यावर त्यांच्या नायकाचा चेहरा दिसतो. त्याचे कान टोकदार आहेत, भुवया वर चढलेल्या आहेत. हुबेहूब स्पॉकच्या जातकुळीचा. स्टाइल्स नावाचा अधिकारी मान वळवून स्पॉककडे पाहतो. त्याच्या घराण्यातली माणसे त्या युद्धात मेलेली असतात. यानावर हेर असतील, असे तो बोलून दाखवतो. चंद्रपूरला, भाषा न समजता, भाईजाननी एवढेच पाहिले होते. शत्रूसारखा चेहरा आणि त्याच्याकडे संशयाने पाहणारी माणसे. चौदा वर्षांच्या मुलाने त्यातून निष्कर्ष काढला आणि आम्ही तो मान्य केला.

आता खालची अक्षरे वाचली. कॅप्टन स्टाइल्सला तिथल्या तिथे खडसावतो की, असला द्वेष असेल तर तो आपल्या खोलीत ठेवायचा, इथे त्याला जागा नाही. शेवटी विषारी वायू पसरतो, तेव्हा स्टाइल्सला वाचवतो तो स्पॉकच. भाग संपला. भाईजान बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वो गद्दार नहीं था रे. हमनेच बना डाला उसकू."

नंतर त्यांनी जे सांगितले, ते आम्ही पूर्वी कधी ऐकले नव्हते. मार्च १९९३ मध्ये मुंबईत बॉम्बस्फोट झाले. भाईजान तेव्हा गावापासून दूर एका कचेरीत नव्याने लागले होते. दुसऱ्या दिवशी ते आत शिरले तेव्हा बोलणे चालू होते, ते थांबले. कोणी काही वाईट बोलले नाही. एकाने फक्त मान वळवून पाहिले. थोड्या वेळाने कोणीतरी चहा मागवला, त्यांनाही दिला. "चहा प्यायलो," भाईजान म्हणाले, "पण त्या दिवसापासून मी त्या कचेरीत कधी मोठ्याने हसलो नाही." अब्बांना त्यांनी हे सांगितले नव्हते. अब्बा लाकूड मोजणारे. डेपोत प्रत्येक ओंडक्यावर क्रमांक असतो, लांबी आणि गोलाई लिहिलेली असते, तो कोणत्या कूपातून आला याची नोंद असते. माणसाच्या बाबतीत अशी नोंद कोणी पाहत नाही, नाव ऐकूनच माप लावतात.

त्या भागात स्टाइल्सच्या बाजूला सुलू बसलेला असतो. ती भूमिका करणारे जॉर्ज टाकेई जपानी वंशाचे. १९४२ साली अमेरिकेने सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या माणसांना छावण्यांत डांबले, त्यांत पाच वर्षांचे टाकेई आणि त्यांचे आईवडील होते. गुन्हा एवढाच की चेहरा शत्रूसारखा. स्पॉक झालेले लिओनार्ड निमॉय ज्यू घरातले. बोटे दोन-दोन करून हात वर धरण्याचा स्पॉकचा सलाम त्यांनी लहानपणी सिनेगॉगमध्ये पाहिलेल्या दुआ देणाऱ्या हातांवरून घेतला. हे कळल्यावर त्या भागाकडे आम्ही नुसती करमणूक म्हणून पाहू शकलो नाही.

दुसरे पर्व १९६७-६८ चे, २६ भागांचे. आमच्या मते सर्वांत भरलेले. अमेरिका-रशियाचे शीतयुद्ध चालू असताना यानावर चेकॉव्ह नावाचा रशियन तरुण आणून बसवला, हे धाडसच. उहुरा करणाऱ्या निशेल निकोल्स पहिल्या पर्वानंतर मालिका सोडणार होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना राहायला सांगितले, कारण काळ्या मुलांना भविष्यकाळात आपले माणूस दिसत होते ते तिच्यामुळे. हे वाचून आमची धाकटी म्हणाली, "मग माझी करवंटी वाया गेली नाही." 'द ट्रबल विथ ट्रिबल्स' या भागात केसाळ गोळ्यांसारखे प्राणी धान्याच्या कोठारात माजतात. तो पाहून अम्मी, जिला यातले काही आवडत नाही, तीही पदर तोंडाला लावून हसली.

पण या पर्वाचा कळस 'जर्नी टू बाबेल'. स्पॉकचा बाप वल्कन, आई पृथ्वीवरची. मुलाने बापाच्या मर्जीविरुद्ध नोकरी धरली म्हणून बापलेक अठरा वर्षे धड बोललेले नाहीत. बाप आजारी पडतो, रक्त लागते ते मुलाचेच. इकडे कॅप्टन जखमी, म्हणून स्पॉक कामावरून हलायला तयार नाही, तेव्हा आई त्याच्या थोबाडीत मारते. दोन्हीकडचे असणे म्हणजे काय, हे एवढ्या कमी शब्दांत आम्ही क्वचित पाहिले आहे. "तुम्ही मराठी किती छान बोलता हो!" असे कौतुक ज्यांच्या वाट्याला आयुष्यभर आले, त्यांना स्पॉक परका वाटणार नाही. तिकडे नातेवाइकांत गेलो की म्हणतात, तुमची उर्दू कच्ची. आणि गंमत पाहा, बाप झालेले नट मार्क लेनर्ड हे पहिल्या पर्वात रोम्युलनांचे नायक होते. ज्या चेहऱ्यामुळे स्पॉकवर संशय आला, तोच चेहरा पुढच्या वर्षी त्याच्या वडिलांचा झाला. निर्मात्यांनी हे ठरवून केले नसेलही, आम्हाला मात्र ते लागू पडले.

तिसरे पर्व १९६८-६९ चे, २४ भागांचे. मालिका बंद पडणार होती, चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडून ती वाचवली. पण वेळ दिली शुक्रवारी रात्री दहाची, पैसा कमी केला, रॉडेनबेरीही मागे सरले. परिणाम दिसतो. पहिल्याच भागात स्पॉकचा मेंदू चोरीला जातो, तो भाग आम्ही अर्ध्यावर सोडला. ३ जून १९६९ रोजी दाखवलेल्या शेवटच्या भागात बाईला कप्तानपद झेपत नाही असा सूर आहे. धाकटी त्यावर अजून चिडलेली आहे आणि तिचा राग योग्य आहे. पुढच्याच महिन्यात माणूस चंद्रावर उतरला आणि ही मंडळी तोवर घरी बसली होती.

तरीही आमच्या घरातल्या मुलांना एकच भाग दाखवायचा ठरला, तर तो या पडत्या पर्वातला असेल. 'डे ऑफ द डव्ह'. एंटरप्राइझवरचे लोक आणि त्यांचे जुने वैरी क्लिंगॉन एका यानावर अडकतात. बंदुकांच्या तलवारी होतात. दोन्हीकडची संख्या सारखी राहते, जखमा आपोआप भरतात, म्हणजे लढाई संपायलाच नको. चेकॉव्ह ओरडत सुटतो की, या लोकांनी माझ्या भावाला मारले. आणि सुलू सांगतो की, त्याला भाऊ नव्हताच, तो एकुलता एक आहे. न झालेल्या भावाचा सूड! यानात एक प्रकाशाचा गोळा फिरत असतो, तो या द्वेषावर पोसला जातो. खोट्या आठवणी तोच पेरतो. शेवटी दोन्ही नायक तलवारी टाकतात आणि त्या गोळ्याला हसून हाकलून देतात.

हा भाग आम्ही पाहिला त्या दिवसांत टीव्हीच्या बातम्यांत रोगाच्या नावाने एका समाजाकडे बोट दाखवले जात होते. न झालेला भाऊ म्हणजे काय, ते वेगळे समजावून सांगावे लागले नाही. फक्त एक कबूल केले पाहिजे. असला भाऊ आपल्याही मोहल्ल्यात असतो. लहानपणी भाषा न समजता स्पॉकला फितूर ठरवणारे आम्हीच होतो. आम्हाला कोणी भडकवले नव्हते. एक चेहरा आणि एक वळलेली मान एवढे पुरले होते.

तेव्हा आमचा निकाल असा: दुसरे पर्व पहिले, पहिले दुसरे, तिसरे शेवटी. भाईजानना तो मान्य नाही. ते पहिल्या पर्वाला पहिला क्रमांक देतात आणि कारण सांगत नाहीत. आम्हीही विचारत नाही. अलीकडे भाईजानची नात पलंगावर उशांची थप्पी करून यान मांडते. मागच्या ईदला तिने विचारले, "दादा, स्पॉक कोण होणार?"

भाईजान म्हणाले, "मैं."