लवेची दिशा

मोत्याला जाऊन तीन वर्षं झाली, पण त्याच्या मानेवरचे केस कुठे वळत होते ते माझ्या बोटांना अजून ठाऊक आहे. डाव्या कानामागे एक भोवरा होता. तिथून लव खांद्याकडे उतरायची आणि छातीवर दोन्ही बाजूंनी येऊन मधोमध तिची शेंडी व्हायची. त्याचं पेस्टलचं चित्र काढायला बसले तेव्हा समोर फोटो होता. फोटोत भोवरा दिसत नव्हता. तो बोटांनीच काढला.

पेस्टल म्हणजे रंगाची पूड आणि तिला धरून ठेवण्यापुरता डिंक. शाळेतले मेणचट तेलखडू निराळे. हा खडू बोटाला लागताच पीठ होतो. कागद पॉलिश पेपरासारखा खरखरीत लागतो, त्याच्या दाण्यांत पूड अडकून बसते. गडदापासून निघायचं आणि उजेडाकडे यायचं. काळ्या कुत्र्यासाठी मी काळा खडू जवळजवळ घेतच नाही. गर्द निळा, जांभळा, करपलेला तपकिरी, एकावर एक. मग लव जाते त्याच दिशेने करंगळी फिरवायची. उलटी फिरली की चित्रातलं जनावरसुद्धा अंग चोरतं. साचलेल्या धुळीवर फुंकर मारायचा मोह होतो, पण मारू नये. काही रंग श्वासात जाणं बरं नव्हे. बोर्ड उभा धरून मागून टिचकी मारावी.

कुंचला मधे नसल्यामुळे हे काम कुरवाळण्याच्या फार जवळ जातं. मला त्याची ओढ आहे ती यासाठीच.

फ्रेंच चित्रकार शार्दां म्हातारपणी डोळे अधू झाल्यावर तैलरंगांकडून पेस्टलकडे वळला. 1771 सालचं त्याचं चष्मा लावलेलं आत्मचित्र लूव्रमध्ये आहे. त्याच्या 1728च्या ‘ला रे’ या तैलचित्रात कालवांमध्ये उभं राहिलेलं एक मांजर आहे, पाठ कमानीसारखी, केस पिंजारलेले. ते मांजर त्याने सत्तरीनंतर पुन्हा एकदा, खडूने काढायला हवं होतं, असं मला नेहमी वाटतं.

रानातल्या जनावराशी मात्र बोटांची ओळखच नसते. भीमाशंकरला शेकरू पाहिलं, उंच फांदीवर, मातकट लाल पाठ आणि सायीसारखं पोट. घरी येऊन चित्राला बसले आणि हात अडला. ती शेपूट हाताला कशी लागत असेल? मी मांजराची लव आठवून काढली, ती खोटी झाली. पुसली. वाघाच्या बाबतीत तर मांजराची सवय सरळ घात करते. मांजराच्या डोळ्यातली बाहुली उजेडात उभी चीर होते, वाघाची गोलच राहते. म्हणून रानातल्या जनावरांची चित्रं मी थोडी दुरूनच काढते. कडा मऊ सोडते, प्रत्येक केस मोजत नाही. ज्याला हात लावला नाही त्याची लव आपल्याला पाठ आहे असं दाखवणं मला पटत नाही.

डोळे मी आधी काढते. बुबुळाच्या वरच्या अंगाला पापणीची सावली, आणि अगदी शेवटी पांढऱ्या खडूच्या टोकाने एकच ठिपका. तो ठिपका म्हणजे जनावरासमोरची खिडकी असते. नीट पाहिलं तर तिचा चौकोनही दिसतो.

लोक गेलेल्या कुत्र्यामांजरांचे फोटो घेऊन येतात. बहुतेक रात्रीचे, फ्लॅश मारलेले. डोळ्यांच्या जागी हिरव्या काचा. त्यात खिडकी नसते, मग ती मला मनाने घालावी लागते. घरचे चित्राकडे बघतात, छान आहे म्हणतात, आणि त्यांची नजर डोळ्यांवरून सरकते. मला ते कळतं.

तुमच्या घरी म्हातारं होत चाललेलं एखादं जनावर असेल, तर उद्या सकाळी ते खिडकीपाशी बसलेलं असताना त्याच्या उंचीला खाली बसा आणि एक फोटो काढून ठेवा. फ्लॅश न लावता. आणि कानामागे हात फिरवून बघा, भोवरा कुठे आहे.