सागरातील गवंडी

मनुष्याने गड बांधले, मंदिरे उभारली, आणि या कर्तृत्वाचा त्याला सार्थ अभिमान वाटतो. परंतु केरळच्या पश्चिमेस, अरबी समुद्रात, अशी काही बेटे आहेत, की ज्यांचे बांधकाम ज्वारीच्या दाण्याएवढ्या जीवांनी केले आहे. ती लक्षद्वीपची बेटे होत. आणि त्यांचे गवंडी म्हणजे प्रवाळ.

समुद्रजलातील चुना घेऊन प्रवाळ आपले घर बांधतो. तो मेला, की त्याच घरावर पुढची पिढी आपले घर रचते. हजारो वर्षांच्या या चिकाटीतून बेटाभोवती खडकाचा तट उभा राहतो. पावसाळ्यातील खवळलेल्या लाटा तो स्वतःच्या अंगावर झेलतो. त्याच्या आड सरोवरासारखे शांत पाणी असते. तेथील चिमुकले मासे आमिषासाठी धरून बेटावरील कोळी खोल समुद्रात कुपा माशाच्या शिकारीस जातात. २०११ च्या जनगणनेत या बेटांवर चौसष्ट हजारांहून अधिक माणसे होती. त्या सर्वांच्या पायांखालची भूमी ही या गवंड्यांचीच देणगी!

प्रवाळाच्या देहात एक सूक्ष्म शैवाल वास करते. प्रवाळ त्याला आसरा देतो. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करून प्रवाळास पोसते. परंतु पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून अवघ्या एका अंशाने अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर हा स्नेह तुटतो. शैवाल देहाबाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढराफटक पडतो. पाणी लवकर निवले, तर सोबती परततो. न निवले, तर प्रवाळाची उपासमार होते.

ही आपत्ती लक्षद्वीपवर १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली आली. मोडलेली वसाहत सावरण्यास दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. पहिल्या आघातानंतर बारा वर्षांची उसंत मिळाली. पुढे ती सहा आणि आठ वर्षांवर आली. जखम भरण्यापूर्वीच दुसरा घाव बसू लागला.

कोळसा आणि खनिज तेल जाळून मनुष्य वातावरणात जे वायू सोडतो, त्यांमुळे कोंडलेल्या उष्णतेपैकी शेकडा नव्वदांहून अधिक भाग समुद्र पोटात घेतो. हा धूर प्रामुख्याने दूरदूरच्या कारखान्यांचा आणि शहरांचा. त्याची झळ मात्र या मूक गवंड्यांना लागते.

प्रवाळ मेला म्हणून तट एका दिवसात ढासळत नाही. परंतु लाटा रोज त्याची झीज करतात, आणि ती झीज रोज भरून काढावी लागते. लाटांना विसावा नाही. म्हणून गवंड्यांनी जगलेच पाहिजे.