पाणसळ

वार्षिकाच्या संपादकांनीं आमच्याकडे लेख मागितला तेव्हां गणिताविषयीं कांहीं तरी हातीं पडेल अशी त्यांची अपेक्षा असावी. ज्या विद्यार्थ्यांचे मोबाईल आम्हीं वर्गांत काढून घेतले आणि पालकांस बोलावून मगच परत केले, ते तर हा लेख वाचून आम्हांस क्षमा करणार नाहींत. कारण २०२३ सालच्या मे महिन्याच्या सुटींत आम्ही स्वतः संगणकावरील एका खेळांत घर बांधावयास बसलों होतों, आणि आमच्या हातून बांधलेलेंहि पडलें, हें येथें कबूल करावयाचें आहे.

खेळाचें नांव व्हाल्हाईम. स्वीडन देशांतील आयर्न गेट नांवाच्या मंडळीनें तो रचिला. २ फेब्रुवारी २०२१ रोजीं तो प्रथम विक्रीस आला त्या वेळीं ही मंडळी अवघी पांच माणसांची होती, आणि मार्चच्या आरंभींच त्याच्या पन्नास लाख प्रती खपल्या. खेळणारा म्हणजे रणांत मेलेला एक व्हायकिंग योद्धा. त्यास एका निर्जन मुलखांत आणून टाकतात. लांकडें तोडावीं, दगड गोळा करावे, थंडी, पाऊस व श्वापदें यांपासून जीव राखावा, आणि त्यासाठीं प्रथम घर बांधावें. सारांश, हत्याऱ्यांच्या खेळांत अर्धी हकीकत सुतारकीची व गवंडीकामाची आहे, ही गोष्ट पालकांच्या कानावर सहसा येत नाहीं.

आमचे चिरंजीव नववीची परीक्षा देऊन मोकळे झाले होते. ते आणि त्यांचे चार सोबती आपापल्या घरीं बसून, कानाला यंत्र लावून एकमेकांशीं बोलत, हा खेळ एकत्र खेळत असत. त्यांनीं समुद्रकांठच्या एका उतारावर घर मांडलें होतें. या खेळांत जमिनीसाठीं लांकडी तक्ते मिळतात. मोठा तक्ता दोन मीटर चौरस असून त्यास दोन लांकडें लागतात, लहान एक मीटर चौरस, त्यास एक. एक तक्ता दुसऱ्याच्या कडेजवळ नेला कीं तो कोपऱ्यास कोपरा लावून आपोआप चिकटतो व त्याच पातळींत बसतो. येथपर्यंत कोणाचेंहि अडत नाहीं. परंतु एका सोबत्यानें वरच्या अंगानें झोपडी उभारून आपली जमीन खालीं आणली होती, तर चिरंजीव खालून, धक्क्याच्या बाजूनें, वर चढत होते. दोघे मध्यें भेटले तेव्हां दोन्ही जमिनींत वीतभर उंचीचा फरक. शिवाय तक्ता एका पूर्ण फेऱ्यांत सोळा टप्प्यांनीं फिरतो, त्यांत एका बाजूचा टप्पा एकानें चुकला होता, म्हणून कडाहि समांतर नव्हत्या. दोघे भांडूं लागले. प्रत्येकाचें म्हणणें, माझी जमीन सपाट आहे, तुझी वांकडी. वास्तविक दोन्ही सपाटच होत्या.

आम्ही पदवीधर, त्यांतून गणिताचे शिक्षक. आम्हांस राहवलें नाहीं. आम्हीं चिरंजीवांच्या हातची सूत्रें घेतलीं व जाहीर केलें कीं, आधीं टेकडीच सपाट केली पाहिजे. त्यासाठीं पांच लांकडें व दोन दगड यांचें एक फावडें करतां येतें. या फावड्याचा धर्म असा कीं, तें चालविणारा ज्या उंचीवर उभा असेल त्या उंचीला समोरची माती येते. हा धर्म आम्हांस कोणी सांगितला नव्हता, आणि आम्हीं विचारलाहि नव्हता. आम्ही उतारावर पुढें पुढें सरकत फावडें मारीत गेलों, त्यामुळें प्रत्येक पावलागणिक नवीच पातळी तयार होऊं लागली, आणि थोड्याच वेळांत त्या टेकडीला कोंकणांतल्या भातखाचरांचें रूप आलें. तेवढ्यावर भागलें असतें तर बरें होतें. वरच्या झोपडीचे खांब ज्या मातीवर टेकले होते तीच आम्हीं उतरविली. खांब अधांतरीं झाले. एक भिंत गेली, मागोमाग आढें गेलें, आणि चार मुलांची दहा दिवसांची मेहनत आमच्या डोळ्यांदेखत ओंडक्यांच्या राशींत बसली.

सोबती कानयंत्रांत कांहीं तरी ओरडले. चिरंजीव मात्र एक अक्षर बोलले नाहींत. त्यांनीं आमच्या हाताखालून तो उंदीर हळूच काढून घेतला. एखाद्या विद्यार्थ्याच्या वहीवर आम्हीं लाल रेघ ओढतों तेव्हां तो असाच गप्प राहतो, हें आम्हांस त्या क्षणीं आठवलें. तें पूर्वीं कधीं आठवलें नव्हतें.

त्याच खोलींत खाटेवर आमचे वडील पडून असत. जन्मभर गवंडीकाम करून ते बारा वर्षांपूर्वीं घरीं बसले होते. दृष्टि अधू झालेली, आणि आमच्या मातोश्री गेल्यापासून बोलणेंहि कमी. पडद्यावरचें कांहीं त्यांस दिसत नसे. ते म्हणाले, “काय पडलं रे?”

“घर पडलं, आजोबा.”

“जोतं कुठनं धरलं होतं?”

जोतें हा शब्द चिरंजीवांस ठाऊक नव्हता. आम्हांस ठाऊक होता. आम्ही त्यावरच वाढलों. चिरंजीवांनीं वळून खाटेकडे पाहिलें, व लगेच सोबत्यांस सांगितलें, “थांबा रे जरा. माझे आजोबा गवंडी आहेत. त्यांना विचारतो.”

मुलानें हें वाक्य जितक्या सहज उच्चारलें तितक्या सहज आम्हांस तें लिहितां आलें नव्हतें. १९९८ सालीं महाविद्यालयाच्या प्रवेशाचा अर्ज भरतांना वडिलांचा व्यवसाय या रकान्यांत आम्हीं ‘कंत्राटदार’ असें लिहिलें होतें. त्या कागदावर वडिलांची सही लागली. त्यांस वाचतां येत होतें. त्यांनीं तो कागद पुरता वाचला, बोटांचा चुना धोतरास पुसला आणि सही केली. त्या गोष्टीस पंचवीस वर्षें झालीं होतीं. त्यांनीं ती कधीं काढली नाहीं व आम्हींहि नाहीं.

असो. वडील उठून बसले. नातू एकेक गोष्ट सांगत होता व ते विचारीत होते. उतार कोणत्या अंगाला, उंच कोपरा कोणता, माती कोठें वर आली आहे. मग म्हणाले, “टेकडीला हात लावू नका. टेकडी कापायला आपण काय आगगाडीचा रस्ता करतोय? सगळ्यांत उंच कोपरा बघ. तिथल्या मातीच्या वर चार बोटं पहिली फळी बसव. आता ती खूण. घराचं सगळं त्या एका खुणेवरनं यायला पाहिजे. दोघांनी दोन खुणा धरल्या म्हणून तुमचं भांडण झालं.”

तसेंच केलें. पहिला तक्ता वरच्या कोपऱ्यांत बसला. बाकीचे त्यालाच चिकटत उताराकडे निघाले. मातीच्या वर बसविल्यामुळें पूर्वीं तक्त्यांतून गवत डोकें काढीत असे तेंहि थांबलें. खालच्या अंगाला जमीन दूर होत गेली तशी तक्त्यांचीं टोकें अधांतरीं राहूं लागलीं. येथें खेळाची एक सोय आहे. हातोडा हातांत घेऊन एखाद्या भागाकडे पाहिलें कीं त्याचा रंग त्याची ताकद सांगतो. मातीस टेकलेला भाग निळा. मातीपासून आधार जसजसा दूर जाईल तसतसा हिरवा, पिवळा, नारिंगी, आणि शेवटीं लाल. लालाच्या पुढें जोडूं गेल्यास तुकडा टिकत नाहीं, कोसळतो. चिरंजीव रंग मोठ्यानें वाचून दाखवीत होते.

“पिवळा झाला, आजोबा.”

“अजून चालव.”

“लाल झाला.”

“मग खाली टेकू दे.”

तक्त्याच्या कोपऱ्याखालीं खांबाला खांब जोडून मातीपर्यंत नेला. खांब निळा झाला, आणि लाल तक्ता हिरवा. वडिलांस तो दिसत नव्हता, पण नातवाच्या आवाजावरून त्यांस तें कळलें असावें. ते खाटेच्या कडेवर बोटांनीं हलकेच ताल धरूं लागले. मग एकदम म्हणाले, “चूल कुठं?” हा प्रश्न पांचांपैकीं कोणास सुचला नव्हता. या खेळांत लांकडी जमिनीवर शेकोटी मांडतां येत नाहीं. ती मातीवर मांडतां येते. म्हणून घराच्या मध्यभागीं, जेथें माती जवळ होती तेथें, एक मोठा तक्ता काढून जागा मोकळी ठेविली. धूर कोंडला तर माणूस गुदमरतो, म्हणून आढ्याशीं फटहि ठेविली. रात्रीं साडेदहाला घर उभें राहिलें. सोबत्यांनीं कानयंत्रांतून आजोबांस नमस्कार सांगितला. तो त्यांच्यापर्यंत पोंचविण्याचें काम आमच्याकडे आलें.

दुसऱ्या दिवशीं चिरंजीवांनीं विचारलें कीं, खेळांत तक्ता आपोआप चिकटतो, पण खऱ्या घरांत एका कोपऱ्याची खूण दुसऱ्या कोपऱ्यावर कशी नेतात. वडिलांनीं आम्हांस माळ्यावर चढविलें. तेथें ओळंबा, गुण्या व थाप्या यांच्या पोत्याखालीं त्यांची नळी वेटोळें घालून पडली होती. बोटभर जाडीची, तीस फूट लांब, एके काळीं पारदर्शक असलेली. ती धुतली, पाणी भरलें. नळी वर धरून ते बराच वेळ बोटानें टिचक्या मारीत राहिले. “बुडबुडा राहिला तर नळी खोटं बोलते,” ते म्हणाले. दोन्ही टोकें उघडीं असलीं कीं मध्यें नळी कशीहि वळली तरी दोन्ही टोकांचें पाणी एकाच पातळीस थांबतें. हा नियम आम्ही दर वर्षीं फळ्यावर आकृति काढून शिकवितों. आमच्या घरांतील प्रत्येक भिंतीची खूण त्याच नळीनें घेतली होती, हें मात्र वर्गांत कधीं सांगितलें नव्हतें.

चिरंजीवांस परीक्षा घेण्याची लहर आली. त्यांनीं नळीचें एक टोंक पडवीच्या भिंतीशीं धरलें, दुसरें आम्हीं अंगणाकडच्या कडेला. शहाबादी फरशीची ती पडवी वडिलांनीं स्वतः घातली आहे. दोन्हीकडे पाण्यापासून फरशीपर्यंत मापलें. दहा फुटांत सव्वा इंचाचा फरक निघाला.

“आजोबा, तुमची पडवी वांकडी आहे!”

वडील मोठ्यानें हंसले. कित्येक महिन्यांत आम्हीं तो आवाज ऐकला नव्हता. “अरे, पडवी सपाट ठेवली तर पावसाचं पाणी जाईल कुठं? आत, तुझ्या बाबाच्या पुस्तकांत? तिला ढाळ द्यावा लागतो. सपाट खोली, पडवीला ढाळ. तो सव्वा इंच मी मोजून दिलाय.”

चिरंजीवांनीं सांगितलें कीं, खेळांत पावसानें उघडें लांकूड निम्म्यापर्यंत खराब होतें खरें, पण जमिनीवर पाणी सांचत नाहीं.

“मग तो खेळ करणाऱ्यानं पडवी कधी घातलेली नाही,” वडील म्हणाले.

संध्याकाळीं आम्हीं नळींतलें पाणी तुळशीच्या रोपास घातलें, ती गुंडाळली आणि माळ्यावर ठेवण्यासाठीं शिडी लावली. वडील खाटेवरून म्हणाले, “वर नको. इथंच खिळ्याला अडकव.”