नीर नोडप्पा!

बेळगावच्या उद्यमबागेत हात तयार झालेले आमचे मामा इंदूरला सांवेर रोडवर स्थायिक झाले. त्यांच्या वर्कशॉपमध्ये स्टेनलेस स्टीलची टिग वेल्डिंगची कामे चालतात. त्यांच्या मराठीला आता माळव्याचे वळण आले आहे, पण पोराने मशीन चालू केले की आतून हाक येतेच, "नीर नोडप्पा!" पाणी बघ रे बाबा!

हे पाणी वेल्डिंगच्या कूलरचे. टाकी, पंप, रेडिएटर आणि पंखा, एवढाच त्याचा संसार. पाणी टॉर्चपर्यंत जाते आणि तापून परत येते. करंटची तांब्याची केबल परतीच्या नळीतच असते. पाणी आहे म्हणून ती बारीक चालते. पाणी थांबले की केबलही जळते आणि टॉर्चही. मग काम अडते आणि रोजंदारीवरच्या पोराचा दिवस बुडतो.

म्हणून मामांचा नेम ठरलेला. आधी वीज बंद करायची. मग जाळी धुवायची, रेडिएटरची धूळ हवेने उडवायची, शेवाळ दिसले की पाणी बदलायचे. बोअरच्या पाण्याने आत क्षार धरतात, म्हणून डिस्टिल्ड पाणीच घालायचे. गाडीचे कूलंट नको, त्यातून वीज वाहते. शेवटी मशीन चालू करून टाकीत पडणारी परतीची धार पाहायची. ती बारीक झाली तर पंपाला दोष देण्याआधी जाळी आणि नळीची मुरड तपासायची.

आमच्या घरातल्या मुलांची कानडी सुटत चालली आहे. मामांच्या वर्कशॉपमधली हिंदी बोलणारी पोरे मात्र हे दोन शब्द चुकत नाहीत!