सहा धावा

म्हैसूरच्या मानसगंगोत्री परिसरालगत गंगोत्री ग्लेड्स हे क्रिकेटचे मैदान आहे. श्रीकंठदत्त नरसिंहराज वडेयर यांचे नाव त्याला पुढे लाभले. पण रोज सकाळी त्याच्या कडेने फेरी मारणारा, साठी ओलांडलेला एक मराठी गृहस्थ अजून जुनेच नाव घेतो. त्याचे घराणे कैक पिढ्यांपूर्वी इकडे आले. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि राग आला की दोन्हींची सरमिसळ, अशी त्याची भाषा. क्रिकेटच्या बाबतीत मात्र तो निखळ कर्नाटकी आहे. निदान त्याची स्वतःची तशी समजूत आहे.

या निष्ठेच्या मुळाशी एक घरगुती भांडण होते. त्याचे वडील मुंबईचे पक्षपाती. मुंबईत ते कधी राहिले नव्हते. परंतु मराठी वृत्तपत्रे टपालाने मागवणाऱ्या त्या माणसाला मुंबईचा संघ हा आपल्या भाषेचाच एक विभाग वाटे. आणि तो संघ हरत नसे. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे रणजी करंडक मुंबईकडे होता. ‘म्हैसूर’ या नावाने खेळणारा संघ १९४१-४२च्या आणि १९५९-६०च्या अंतिम सामन्यांत मुंबईकडून डावाने पराभूत झाला होता. वडील हे आकडे जेवताना भात कालवता कालवता सांगत. मुलगा ताटावरून उठून जाई.

१९७३ मध्ये राज्याचे नाव बदलले, तसे संघाचेही. म्हैसूर हे नाव धावफलकावरून गेले आणि लगेच, १९७४ साली, बंगळूरच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाने मुंबईची ती मालिका खंडित केली. विश्वनाथ आणि ब्रिजेश पटेल यांची शतके, प्रसन्नाने गावसकरचा उडवलेला त्रिफळा, वाडेकरचे धावचीत होणे. चौदा वर्षांच्या त्या मुलाने हे सारे रेडिओला कान लावून ऐकले. वडिलांनी रेडिओ बंद केला नाही. केवळ खोलीतून निघून गेले. त्या दिवसापासून घरात दोन संघ झाले, ते अखेरपर्यंत.

मग २०१०चा जानेवारी आला आणि अंतिम सामना चक्क म्हैसूरला आला. समोर मुंबईच. ११ तारखेपासून मुलगा, म्हणजे एव्हाना पन्नाशीचा झालेला मुलगा, मैदानावर. पहिल्या डावात मुंबई २३३, कर्नाटक अवघे १३०. दुसऱ्या डावात अभिमन्यू मिथुनने सहा बळी घेतले, तरी धवल कुलकर्णीच्या चिवट फलंदाजीने मुंबई २३४ पर्यंत पोहोचली. विजयासाठी ३३८ हव्या होत्या. तीन गडी स्वस्तात गेल्यावर वीस वर्षांचा मनीष पांडे आणि गणेश सतीश यांनी दोनशेहून अधिक धावांची भागी केली. पांडेच्या १४४ धावांत संयम थोडा आणि निर्भयता पुष्कळ होती. अशी खेळी पाहताना रसिक न्यायबुद्धी गमावतो आणि ते योग्यच असते. पुढे आगरकरने डाव उखडला. पाच बळी. ३३१ वर सर्व बाद. सहा धावांनी पराभव.

तो दिवस मकर संक्रांतीचा होता. तो घरी आला तेव्हा ऐंशीच्या पुढचे वडील ओट्यावर बसले होते. शेजारच्या कन्नड घरातून आलेले एळ्ळु-बेल्ल आणि घरचा तिळगूळ एकाच ताटलीत होते. वडिलांनी ताटली पुढे केली आणि म्हणाले, “तो पांडे राहिला असता तर आमचं कठीण होतं.” ‘आमचं’ हा शब्द मुलाला झोंबला. परंतु मुंबईच्या खडूस परंपरेच्या त्या भक्ताने प्रतिपक्षाच्या फलंदाजाचे नाव आदराने घेतले, असे त्या घरात प्रथमच घडत होते.

वडील २०१२ मध्ये गेले. त्यानंतर कर्नाटकाने दोनदा ओळीने करंडक जिंकला. २०१४ मध्ये हैदराबादला महाराष्ट्राला हरवून, आणि २०१५ मध्ये वानखेडेवर तमिळनाडूला, करुण नायरच्या ३२८ धावांच्या बळावर. वानखेडेवर! हे सांगायला घरात कोणी नव्हते. बायकोने ‘बरं झालं’ म्हटले आणि कुकरची शिट्टी मोजू लागली.

पुढची दहा वर्षे, २०२५ पर्यंत, रणजी करंडक काही मिळाला नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ईडन गार्डन्सवर उपांत्य सामन्यात १९८ धावा करायच्या असताना विदर्भाच्या गुरबानीपुढे संघ १९२ वर संपला. हरला पाच धावांनी. फेब्रुवारी २०२३ मध्ये मयांक अगरवालच्या २४९ धावा असूनही सौराष्ट्राने बंगळूरला येऊन हरवले. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागपूरला विदर्भाने उपांत्यपूर्व सामना १२७ धावांनी जिंकला, आणि त्यात ९० धावा विदर्भाकडे गेलेल्या करुण नायरच्याच होत्या. हाच नायर त्या वर्षी महाराजा करंडकात म्हैसूर वॉरियर्सचा कर्णधार म्हणून जिंकला. तेव्हा आनंद मानावा की राग, हे या रसिकाला ठरवता आले नाही. जानेवारी २०२५ मध्ये नायरच्या नेतृत्वाखालील विदर्भाला हरवून कर्नाटकाने विजय हजारे करंडक घेतला खरा. पण त्याच हंगामात रणजीच्या बाद फेरीपर्यंतही संघ पोहोचला नव्हता.

तरुण चाहते याला ‘फॉर्म गेला’ म्हणतात. त्याला हे निदान उथळ वाटते. विदर्भ, सौराष्ट्र हे एकेकाळी दुय्यम मानले गेलेले संघ उभे राहिले, तेव्हा जुन्या घराण्यांचा वाटा आपसूकच घटला. मुंबईची पंधरा वर्षे संपली तेव्हा तोच तर नाचला होता. वडिलांना त्या दिवशी खोलीत काय वाटले असेल, हा प्रश्न त्याने पन्नास वर्षे स्वतःला विचारला नव्हता.

अलीकडे मार्च २०२४ मध्ये मुंबईने वानखेडेवर विदर्भाला हरवून बेचाळिसाव्यांदा करंडक जिंकला. त्या संध्याकाळी तो बराच वेळ दूरदर्शनसमोर बसून राहिला. बायकोने विचारले, “कोण जिंकलं?”

“आपण,” तो म्हणाला, मग चमकून, “म्हणजे, अण्णांची मुंबई.”