तंबाखू बाहेर

ॲमस्टरडॅमला मामेभावाकडे गेले होते. पुण्याहून त्याचा एक मित्रही आला होता. दोघं कॉफीशॉपला निघाले तशी मीही निघाले. ओढायचं नव्हतं, बघायचं होतं. (तिथे कॉफीही मिळते, पण तिच्यासाठी कोण येतंय!)

मित्राने एक ग्रॅम गांजा घेतला, बसला आणि खिशातली सिगारेट दोन बोटांत चोळून रिकामी करू लागला. तंबाखू काढायची, माल मिसळायचा, पुन्हा भरायची, ही पुण्यातली सवय. काउंटरवरचा पोरगा तिथूनच ओरडला, “तंबाखू बाहेर!”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. भावाने समजावलं. जुलै २००८ पासून तिथल्या हॉटेल-बारमध्ये तंबाखू ओढायला बंदी आहे आणि कॉफीशॉपही त्यातच येतं. नुसता गांजा मात्र चालतो, कारण तो नियम तंबाखूपुरताच. वास्तविक गांजा तिथेही कायद्याने निषिद्धच. पाच ग्रॅमपर्यंतच्या विक्रीकडे सरकार फक्त कानाडोळा करतं. म्हणजे बेकायदा वस्तू खुशाल आत आणि दुकानात राजरोस मिळणारी दाराबाहेर!

मला त्र्यंबकेश्वरचा २०१५ चा कुंभमेळा आठवला. आखाड्यात एक साधू तळहातावर गांजा मळत होता. त्याने त्यात तंबाखू मिसळली, चिलमीत खडा टाकला, खाली ओली छापी (फडकं) गुंडाळली आणि मग चिलीम ठासली. तंबाखूशिवाय चिलीम नीट पेटतच नाही, असं त्याचं म्हणणं. तसं पाहिलं तर गांजा-तंबाखूचं नातं जुनंच. भांग आपल्याकडे प्यायची-खायची गोष्ट होती. गांजा ओढणं रुळलं ते पोर्तुगीजांबरोबर तंबाखू आल्यावर, असं बरेच अभ्यासक मानतात.

मित्राने नुसता गांजा ओढला. ठसकला. “मजा नाही,” म्हणाला. शेजारच्या टेबलावर कसलासा सुका पाला मिसळून ओढत होते, तोही त्याने घेऊन पाहिला आणि तोंड वाकडं केलं. थोड्या वेळाने उठून बाहेर पुलावर गेला. आम्हीही गेलो, तर साहेब साधी सिगारेट ओढत उभे.

“तू तर म्हणायचास, मी सिगारेट ओढत नाही, फक्त जॉइंटपुरती,” भाऊ म्हणाला. “अरे, तुला गांजाची नाही, हिचीच तलफ आहे.”

“गप रे,” म्हणत त्याने दुसरी पेटवली.