रात्रीचा दिवा

पावणेतीन वाजलेत. आज उठायची ही तिसरी वेळ. भिंतीला हात टेकून उभा राहतो. धार सुरू व्हायलाच वेळ लागतो, मग थेंब थेंब.

दोन वर्षं मी हे वयावर ढकललं. हिलासुद्धा बोललो नाही. मागच्या महिन्यात सर्दीची गोळी घेतली आणि लघवी पार तुंबली. त्या रात्री नळी घातल्यावर पिशवी भरताना पाहिली आणि डोळ्यांत पाणी आलं. सर्दीच्या काही गोळ्यांनीही लघवी अडते, हे तेव्हा कळलं.

डॉक्टरांनी कारण सांगितलं: तरुणपणी अक्रोडाएवढी असणारी प्रोस्टेट ग्रंथी वयानुसार वाढते आणि मूत्रमार्ग दाबते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, हे ऐकून केवढा धीर आला! टॅमसुलोसिन या औषधानं तिथले स्नायू सैल होतात, काही दिवसांतच फरक पडतो. पण उठताना गरगरतं, म्हणून मी आधी पलंगाच्या कडेला बसतो. ड्युटास्टेराइडनं ग्रंथी आकसते, त्याला मात्र सहा महिने धीर धरावा लागतो. या गोळीनं रक्तातलं पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या तपासणीत पाहतात ते प्रथिन, जवळपास निम्म्यावर येतं, तेव्हा रिपोर्ट दाखवताना गोळीचं नाव सांगायलाच हवं.

गोळ्यांनी भागलं नाही तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया किंवा लेझर आहे. पोटावर टाका नाही. नंतर वीर्य बहुधा मूत्राशयात उलटं जातं, हेही डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. ते मला फार मोलाचं वाटलं.

घरातले बाबा, आजोबा रात्री किती वेळा उठतात, हे त्यांना उद्याच विचारा.